दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही, म्हणायचे अण्णा,
मी नागपूरला साबणाच्या वड्यांतून दाढा कोरत बसलो की.
भरलं, अण्णा.
पेनसिल्व्हेनियात, ईरी नावाच्या गावात,
जिथे नोव्हेंबरपासून बर्फ तळ्यावरून चालत येतो
आणि दवाखान्याच्या दारात गुडघाभर ठाण मांडतो,
तिथे एकतीस वर्षं लोकांनी माझ्यापुढे आ वासला.
त्यातली बावीस वर्षं पेशंटच्या पलीकडच्या स्टुलावर लॉरेटा.

लॉरेटा विस्न्येव्स्की. सक्शन धरणारी,
मी मागायच्या आत हत्यार हातात ठेवणारी,
कुणी घाबरलं तर खांद्यावर कोपर हलकेच टेकवून
शुक्रवारच्या बोलिंगचे स्कोअर सांगणारी.
एकदा म्हणाली, रात्रीचा कोर्स आहे.
पास झाले तर तुम्ही कोरा, भरीन मी.
मी म्हणालो, बघू.
आपल्या ‘बघू’चा अर्थ तिला ठाऊक नव्हता.
तिनं फी भरली.

त्याच हिवाळ्यात हॅरिसबर्गला आम्हा दंतवैद्यांची बैठक.
जेवण बरं होतं.
कुणी म्हणालं, आज भरतील, उद्या उपटतील, परवा पाटी लावतील.
कुणी म्हणालं, चूक झाली तर कोर्टात कोण उभं राहणार?
हा प्रश्न खरा होता.
बाकीचे त्याच्या आडोशाला येऊन उभे राहिले.
मीही हात वर केला, विरोधात.
परतीचे पाच तास गाडीत
मी कोर्टाचा विचार करत होतो म्हणालो तर खोटं होईल.
स्टिअरिंगवरच्या माझ्या उजव्या हाताकडे बघत होतो.

ती पास झाली.

आता मी कोरतो, हातमोजे काढतो, दुसऱ्या खुर्चीकडे जातो.
मागे ती पट्टी बसवते, थरावर थर, निळा दिवा,
मग उंचवटे, घळी,
पाणी उतरावं तशी उतरण.
मी परत येतो. प्रोब कडेवरून फिरवतो.
टोक अडकेल अशी जागा शोधतो.
शोधतो कसला, मागतो.
दाताखाली खडा यावा म्हणून भात चिवडणारा माणूस पाहिलाय?
तो मी. दिवसातून अकरा-बारा वेळा.
वही सांगते, रोजचे चार पेशंट वाढले.
वहीशी माझं भांडण नाही.

फेब्रुवारीत सापडलं.
मिस्टर ब्रॅडॉक, इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त, खालची डावी दाढ.
एक्स-रेत भरावाची कड बाहेर आलेली, पत्र्याच्या पन्हळीसारखी,
आणि तिच्याखाली हाड झिजलेलं.
पेशंटसमोर मी काही बोललो नाही. सभ्य माणूस मी.
तिला मागे बोलावलं, जिथे ऑटोक्लेव्ह घुमत असतो,
चित्र पडद्यावर मोठं केलं आणि गप्प राहिलो,
समोरच्याला आपणहून कळावं अशा थाटात.
हे मी आमच्या सरांकडून शिकलोय.

चष्मा कपाळावर चढवून ती पाहत राहिली.
मग जुना चार्ट काढून माझ्यापुढे सरकवला.
नऊ वर्षांपूर्वीची तारीख.
सही माझी, शेवटच्या अक्षराची शेपटी घाईत लांब ओढलेली.

दात घशात जातात म्हणजे नेमकं काय होतं,
हे पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

‘त्या दिवशी बर्फ होता,’ ती म्हणाली,
‘तुम्हाला मुलीला आणायला विमानतळावर जायचं होतं.
पट्टी नीट बसली नव्हती. मला दिसलं होतं.’
मग बोलली का नाहीस?
‘तेव्हा माझं काम सक्शन धरायचं होतं.’

जुना भराव मी उकरून काढला. त्याला वेळ लागला.
मग उठलो नाही. फिरून पलीकडच्या स्टुलावर बसलो,
नळी धरली, ती ब्रॅडॉकच्या जिभेला चिकटली,
तो गुरगुरला.
‘जरा मागे, डॉक्टर,’ लॉरेटा म्हणाली, मान न वळवता.
मी जरा मागे झालो.

तिचं संपल्यावर प्रोब मात्र घेतलाच.
फिरवला सगळ्या कडेनं.
बाहेर बर्फ उकरायचं यंत्र चालू होतं,
त्याचा आवाज थांबेपर्यंत
फिरवत राहिलो.